बडोद्याच्या लोकल टीव्ही बातम्या, आणि त्याआधीचं पीज

पावसाळ्यात बडोद्यातल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, दोन आकडे तो सांगेलच. आजवा सरोवर किती फुटांवर आहे आणि काळा घोडा पुलाखाली विश्वामित्री किती. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, आजवा २११ च्या पुढे सरकलं की लोक स्कूटर-गाड्या उंचावर नेऊन लावायला लागतात. आता हे आकडे दिल्लीचं चॅनल दाखवणार नाही, अहमदाबादच्या चॅनलवर आले तरी मध्येच आणि शिळे. ते दाखवतं आपलं लोकल चॅनल, तेच ज्याच्यावर एरवी आपण हसतो, खाली साड्यांच्या सेलची पट्टी, वर माईक धरलेला एक दमलेला मुलगा आणि मागे कुणाच्या तरी सोसायटीत शिरलेली मगर.

परवा घरी हाच विषय निघाला होता, तेव्हा भाचा म्हणाला की मामा हे सगळं नव्वद सालानंतर केबलवाल्यांनी काढलेलं खूळ आहे. अर्धं बरोबर आहे त्याचं. पण या भागात लोकल टीव्ही त्याच्या पंधराएक वर्षं आधीच येऊन गेला होता, आणि तो आला होता चक्क इस्रोकडून, म्हणून सुरुवात तिथून करतो.

पीज. नडियादजवळचं खेडा जिल्ह्यातलं गाव. बडोद्याहून आणंद ओलांडून पुढे गेलात की तासा-सव्वा तासाचा रस्ता. १९७५ मध्ये तिथे १ किलोवॅटचा टीव्ही ट्रान्समीटर उभा राहिला. त्या काळात देशात टीव्ही म्हणजे दिल्ली, मुंबई आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील अशी आणखी काही शहरं, आणि इथे मात्र तंबाखूच्या शेतांमध्ये टॉवर! त्याच वर्षी १ ऑगस्टला इस्रोचा ‘साइट’ नावाचा मोठा प्रयोग सुरू झाला, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह एक वर्षासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट डिशवर टीव्ही दाखवायचा. त्याची आखणी करणाऱ्यांत प्रा. एकनाथ वसंत चिटणीस हे आपले कोल्हापूरचे गृहस्थ अगदी पुढे होते, हे मराठी माणसांना फारसं ठाऊक नसतं, नाव निघतं ते विक्रम साराभाईंचं, आणि ते निघावंच, मूळ स्वप्न त्यांचं होतं, पण ते १९७१ च्या डिसेंबरात गेले आणि प्रत्यक्ष जुळवाजुळव मागे राहिलेल्यांनी केली.

तर साइट एक वर्षाचा होता, ३१ जुलै १९७६ ला तो संपला, उपग्रह परत गेला आणि त्या २४०० गावांतल्या डिशांचं काम संपलं. पीजचं तसं झालं नाही कारण ते जमिनीवरचं साधं ट्रान्समीटर होतं, आकाशातला उपग्रह गेला काय आणि राहिला काय. अहमदाबादला इस्रोच्या स्टुडिओत कार्यक्रम बनायचे आणि पीजवरून जायचे, हे पुढे १९८५ पर्यंत चाललं. सुमारे ४०० गावांत सार्वजनिक टीव्ही सेट दिलेले, बऱ्याच ठिकाणी ते दूध मंडळीच्या, म्हणजे गावच्या दूध सहकारी संस्थेच्या, इमारतीत ठेवलेले. ही जागा ज्याने शोधली त्याला मानलं पाहिजे. अमूलमुळे खेडा जिल्ह्यात संध्याकाळी सगळं गाव तसंही दूध भरायला मंडळीत येतच होतं. मग टीव्ही बघायला वेगळं बोलवायची गरजच काय, रिकामी बरणी हातात घेऊन माणसं तिथेच बसली.

आता मुद्दा असा की तिथे बातम्या होत्या का? दिल्लीसारख्या, सूट घालून वाचायच्या, तशा नव्हेत. पण ‘दाद फरियाद’ नावाचा कार्यक्रम होता. गावात कॅमेरा न्यायचा, लोकांची तक्रार जशीच्या तशी रेकॉर्ड करायची, मग ती संबंधित साहेबापुढे ठेवायची आणि साहेबाचं उत्तरही दाखवायचं. बस्स. आज रावपुऱ्यातला लोकल रिपोर्टर गटारीचं झाकण दाखवून मग महापालिकेत जाऊन इंजिनिअरच्या तोंडासमोर माईक धरतो ते दुसरं काय आहे? माझ्या मते लोकल बातमीचा सगळा ढाचा तिथेच तयार झाला होता, फक्त त्याला बातमी म्हणत नव्हते, ‘विकास संचार’ असं काहीतरी जड नाव होतं.

‘चतुर मोटा’ आणि ‘हुं ने मारा ए’ या मालिका तर लोकांना नावानिशी आठवतात अजून. हुंडा, विधवेचं लग्न, कुटुंब नियोजन हे सगळं चरोतरच्या, म्हणजे खेडा-आणंद भागाच्या, बोलीत, अभिनय करणाऱ्यांत गावातलीच माणसं. आणि इस्रोवाले हुशार, आधी गावात जाऊन विचारायचे की तुमच्याकडे काय चाललंय, मग लिहायचे, दाखवून झाल्यावर परत विचारायला जायचे. किमान वेतन, शेतमजुरांची पिळवणूक असे विषय आले की गावातल्या वजनदार मंडळींच्या कपाळावर आठ्या, कारण ज्या मंडळीच्या ओट्यावर टीव्ही ठेवलाय तिचे कारभारीही बऱ्याचदा तेच. म्हणजे लोकल बातमी आणि लोकल दबाव हे दोघं जुळे भाऊ, तेव्हापासूनच. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ग्रामीण संपर्काच्या कामासाठी युनेस्कोचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

बडोद्यातल्या लोकांना यातलं फारसं काही मिळालं नाही हे खरं. ट्रान्समीटर छोटा, अंतर जास्त. आमचे काका सांगायचे की त्यांनी दांडिया बाजारातल्या वाड्याच्या गच्चीवर बांबूला बांबू बांधून अँटेना चढवला होता, आणि चित्र म्हणजे नुसत्या मुंग्या, आवाज मात्र कधीकधी येई, मग काका लोकांना बोलावून टीव्ही ‘ऐकायला’ बसवायचे. काकांचं सगळंच खरं धरायचं नसतं, पण उत्तरायणात त्या बांबूत अडकलेले पतंग मी स्वतः काढलेत.

मग आलं ८४ साल. इन्सॅट-१बी उपग्रह १९८३ च्या ऑगस्टमध्ये वर गेला होता, दूरदर्शनने देशभर ट्रान्समीटरचा धडाका लावला, काही महिने तर दिवसाला एक. घराघरात टीव्ही आला, पण आला तो दिल्लीचा. अहमदाबादला मोठं ट्रान्समीटर झालं, आता पीजचं काय काम, असा हिशेब झाला आणि ते ट्रान्समीटर उचलून मद्रासला दुसऱ्या चॅनलसाठी न्यायचं ठरलं. लोकांनी विरोध केला, आंदोलन केलं, हलवू देणार नाही म्हणाले. एरवी ट्रान्समीटर आमच्या गावात लावा म्हणून मोर्चे निघतात, आमचा काढू नका म्हणून निघालेला हा बहुतेक पहिलाच. शेवटी १९८५ मध्ये पीज बंद झालंच. मला यातली गंमत, गंमत कसली म्हणा, अशी वाटते की टीव्ही वाढला म्हणून लोकल टीव्ही गेला.

आणि बडोद्याला हे नवीन नव्हतं. संस्थानच्या काळात बडोद्याचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं, स्वातंत्र्याच्या वेळी देशात संस्थानांची जी पाच स्टेशनं होती, म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद, त्यातलं पाचवं आपलं. ते आकाशवाणीत गेलं आणि पुढे ‘अहमदाबाद-वडोदरा’ अशा जोडनावात आपण दुसऱ्या नंबरला. छापील बाजूने बघितलं तर इथून मराठीत जागृतिकार पाळेकरांनी १९१७ पासून ‘जागृति’ हे पत्र चालवलं होतं, तेव्हा आपल्या गावाची बातमी आपण देण्याची सवय इथली जुनीच.

पुढचा टप्पा केबलचा, आणि तो बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलाय. १९९१ च्या सुरुवातीला परदेशी चॅनलवर डिशने दिसलेलं आखाती युद्ध, मग स्टार, १९९२ च्या ऑक्टोबरात झी. गल्लीतला एखादा व्हिडिओ लायब्ररीवाला गच्चीवर मोठी छत्री, म्हणजे डिश, लावायचा, खांबाखांबावरून काळी वायर आणि मध्ये अ‍ॅम्प्लिफायरचे डबे. त्या डब्यात पावसाचं पाणी गेलं की आख्खी सोसायटी ऑपरेटरच्या नावाने शंख करायची. चॅनलचा एक नंबर रिकामा असायचाच, त्यावर व्हीसीआर जोडून रात्री पिक्चर. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की याच नंबरवर गावातल्या बातम्या का नको. कॅमेरे होतेच, लग्नाचे शूटिंग करणाऱ्यांकडे, आणि मुहूर्त नसलेल्या दिवसांत ते रिकामेच. सकाळी शूट, दुपारी दोन व्हीसीआर जोडून एडिटिंग, संध्याकाळी कॅसेटच्या कॉप्या काढून स्कूटरवरून एकेका कंट्रोल रूमला पोहोचवायच्या, कारण सगळ्या शहराच्या वायरी एकमेकांना जोडलेल्या नव्हत्याच. त्यामुळे एकच बुलेटिन मांडवीत आधी दिसायचं आणि मकरपुऱ्यात नंतर, मधल्या वेळात मावशी फोन करून सगळं सांगून मोकळी.

कायदा आला मागून. १९९४ च्या सप्टेंबरात वटहुकूम, १९९५ च्या मार्चमध्ये केबल टीव्हीचा कायदा. ऑपरेटरने पोस्टात नोंदणी करायची, कार्यक्रमांना संहिता लागू, वगैरे. पण बातम्या देणाऱ्या लोकल चॅनलचं नेमकं काय, याला त्यात धड जागाच नव्हती, ते ऑपरेटरच्या पदराखाली चालायचे. त्या दिवसांत या चॅनलांची खरी कमाई पट्टीवर, दुकानांचे सेल, क्लासेस, हरवले-सापडले, आणि बेसणं, म्हणजे कुणी गेल्यावरच्या शोकसभेची सूचना. बेसण्याची पट्टी वाचायला आमची आजी चष्मा लावून बसायची, बाकी बातम्यांशी तिचं देणंघेणं नव्हतं. नवरात्रात गरब्याचं लाइव्ह, गणपतीत दांडिया बाजारातल्या मंडळांची फेरी आणि तेव्हा रिपोर्टर मोडक्यातोडक्या मराठीत ‘काका कसं वाटतंय’ विचारायचा, तेवढं आमचं मराठी बुलेटिन.

२००२ बद्दल बोलायचं टाळता येणार नाही. त्या दंगलीत शहर कर्फ्यूत होतं, घरात बसलेल्या माणसाला केबलच्या त्या एका नंबराशिवाय दुसरी खिडकी नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात इथल्या लोकल चॅनलांवर भडकवणारं दाखवल्याचे गंभीर आरोप झाले. ना संपादक, ना कुणी वर तपासणारा, हातात कॅमेरा आणि समोर जमाव. १९९५ च्या कायद्यात कलम १९ आहे, समाजात तेढ वाढेल असं वाटलं तर कलेक्टर किंवा पोलीस कमिशनर केबलवरचा कार्यक्रम थांबवू शकतात, हे कलम असतं हे लोकांना तेव्हा कळलं. जे चॅनल आपल्या गल्लीचं वाटतं ते कुठल्या गल्लीचं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

नंतर सेट-टॉप बॉक्स. ३१ मार्च २०१३ ही केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत, ३८ शहरं, त्यात अहमदाबाद, सुरत, राजकोट आणि बडोदा. प्रेक्षकाला वाटलं चित्र स्वच्छ झालं, झालंच. पण गल्लीतल्या ऑपरेटरच्या हातातला तो रिकामा नंबर गेला. सिग्नल आता मोठ्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून कुलूप लावून येतो, लोकल चॅनलला जागा हवी तर त्या कंपनीशी बोला, नंबर कुठला मिळेल, किती पैशांत, सगळं त्यांच्या मर्जीवर. मग ३० नोव्हेंबर २०२२ ला केंद्राने नियम काढले, अशा चॅनलांना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणायचं, नोंदणी चॅनलमागे १००० रुपये, एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त अशी चॅनलं नकोत, आणि लोकल बातम्या द्यायच्या तर आधी कंपनी म्हणून रजिस्टर व्हा. एकट्यादुकट्या कॅमेरावाल्याचा जमाना कागदावर तरी संपला. तो एव्हाना फोनवर गेलाच होता, फेसबुक लाइव्ह आणि यूट्यूबवर, तिथे ना नंबर लागतो ना वायर.

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्याकडे लाइट नाही, केबल नाही, बॉक्स नुसता काळा डबा. पॉवर बँकवर फोन लावून आम्ही गच्चीत बसलो होतो आणि एक मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून काळा घोड्याची पातळी सांगत होता, मध्येच बाजूच्या सोसायटीतल्या माणसाने त्याला विचारलं की दुधाची गाडी कधी येणार, तर त्याने तसाच फोन त्या माणसाकडे वळवून विचारलं, ‘तुमचा वॉर्ड कुठला?’, आणि तिथून थेट वॉर्ड ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर.