जंताच्या गोळीने मूल आजारी पडत नाही

शाळेत जंताची गोळी देण्याचा दिवस, म्हणजे १० फेब्रुवारी किंवा १० ऑगस्ट, जवळ आला की पालकांमध्ये एकच बोलणं सुरू होतं: ‘शाळेतली गोळी खाऊन पोरांना उलट्या होतात, त्या दिवशी पाठवू नका.’

ही गोळी म्हणजे अल्बेंडाझोल. २ ते १९ वर्षांसाठी ४०० मिलिग्रॅमची एक, १ ते २ वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. मळमळ किंवा पोटदुखी होते ती बहुधा पोटात जंत जास्त असलेल्या मुलांना, कारण जंत मरू लागतात. थोडं पाणी आणि सावलीत विश्रांती दिली की सहसा काही तासांत बरं वाटतं. तरीही त्रास थांबला नाही तर आरोग्य केंद्र गाठा.

‘आमच्या मुलाला जंत नाहीतच’ हेही खात्रीने सांगता येत नाही. जंत थोडे असले तर लक्षणं दिसत नाहीत, रक्त मात्र कमी होत राहू शकतं. गोळी मातीतली अंडी मारत नाही, आकडेकृमी नावाचा जंत तर अनवाणी पायातूनही शिरतो. म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा गोळी.

खरी चूक होते ती वेगळीच. मूल उपाशी येतं, चक्कर येते आणि दोष गोळीवर जातो. जेवूनच पाठवा. ताप असेल, फिट येत असतील, दुसरं औषध चालू असेल तर बाईंना आधी सांगा. गोळी घरी मागू नका: ती शिक्षकांसमोर चावूनच खायची, अख्खी गिळली तर घशात अडकू शकते. त्या दिवशी राहिली तर काही दिवसांनी पुन्हा देतात. तारीख आशाताईंना विचारा.