स्टॉकटनची माणसे आणि जनगणनेचे रकाने

कॅलिफोर्नियातील स्टॉकटन या सुमारे ३ लाख २० हजार वस्तीच्या शहराला २०२० मध्ये एका अमेरिकी नियतकालिकाने देशातील सर्वाधिक वांशिक विविधतेचे मोठे शहर ठरवले. ते वाचून प्रश्न पडला की, विविधता मोजतात तरी कशी?

उत्तर शाळेतल्या संभाव्यतेच्या गणितात आहे. शहरातील कोणतीही दोन माणसे चिठ्ठ्या टाकून निवडली, तर ती वेगवेगळ्या गटांतील निघण्याची शक्यता म्हणजे विविधता निर्देशांक. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९४९ मध्ये मांडलेले या जातीचे सूत्र जंगलातील प्रजातींसाठीही वापरतात. स्टॉकटनमध्ये हिस्पॅनिक (मूळ स्पॅनिशभाषक देशांतले) सुमारे ४५ टक्के, आशियाई २१, बिगर-हिस्पॅनिक गोरे १७, कृष्णवर्णीय ११ आणि इतर ६ आहेत. दोघेही हिस्पॅनिक निघण्याची शक्यता ०.४५ गुणिले ०.४५, म्हणजे ०.२०२५, असाच प्रत्येक हिश्श्याचा वर्ग करून बेरीज केली की सुमारे ०.२९ येतात आणि ते १ मधून वजा केले की ०.७१ उरतात. साऱ्या अमेरिकेचा आकडा २०२० च्या जनगणनेत ०.६१ होता.

खरी गंमत पुढेच आहे. समजा, आशियाई हा रकाना मोडून फिलिपिनो, भारतीय, कंबोडियन अशांचे सात-सात टक्क्यांचे तीन रकाने केले, तर गावात एकही माणूस न येता-जाता निर्देशांक ०.७४ होतो.

रकाने तर सरकार आखते. पंजाबी स्थलांतरितांनी १९१२ मध्ये अमेरिकेतील पहिला गुरुद्वारा स्टॉकटनमध्येच स्थापन केला. पण १९२० ते १९४० च्या जनगणनांत या पगडीधारी शिखांच्या वंशाच्या रकान्यात ‘हिंदू’ असे लिहिले जाई. १९७० मध्ये भारतीय ‘गोरे’ ठरले आणि १९८० मध्ये ‘आशियाई भारतीय’ झाले, आणि एवढ्या काळात त्यांच्या रक्तात काडीचाही फरक पडलेला नव्हता! लाळेच्या थेंबाच्या डीएनए चाचणीवरून वंशाची टक्केवारी विकणाऱ्या जाहिरातींना भुलणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा, कारण हे गट जैविक नसून सामाजिक आहेत, असे खुद्द जनगणना खातेच सांगते.

शिवाय निवडलेली दोन माणसे कुठे राहतात, हे या सूत्राला दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॉकटनच्या एका हॉटेलच्या दारावर ‘फिलिपिनोंना सक्त मनाई’ अशी पाटी होती आणि मेन स्ट्रीटच्या उत्तरेला त्यांनी फिरकू नये, असा दंडक होता. दक्षिणेला त्यांनी वसवलेल्या ‘लिटल मनिला’चा मोठा भाग पुढे शहरातून जाणाऱ्या महामार्गासाठी पाडला गेला.