कॅसेट-सीडीवरची गाणी पेनड्राइव्हवर घेतल्यानंतर...

ग्राहकांसाठी माहिती

'तुम्ही अख्खा अल्बम दिलात, पण फोनवर त्याचे दहा तुकडे दिसतायत,' अशी तक्रार आमच्याकडे नेहमी येते. गाणी सगळी असतात. घोटाळा असतो तो प्रत्येक फाइलच्या आत लिहिलेल्या माहितीत, म्हणजे टॅगमध्ये.

चित्रपटाच्या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याचा गायक वेगळा. बरीच अ‍ॅप्स गायक बदलला की अल्बमही वेगळा धरतात. म्हणून 'आर्टिस्ट'मध्ये त्या-त्या गाण्याचा गायक ठेवा, पण 'अल्बम आर्टिस्ट' हा रकाना सगळ्या गाण्यांना अगदी सारखा भरा. संगीतकाराचं नाव चालेल, 'विविध कलाकार'ही चालेल. सारखा म्हणजे अक्षरशः सारखा. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे फोनच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागासुद्धा कधीकधी गोंधळ घालते.

क्रमांकाकडे तर आवर्जून लक्ष द्या. गीतरामायणाची ५६ गाणी गोष्टीच्या ओघात ऐकायची. टॅगमध्ये क्रमांक नसेल तर यादी अक्षरानुक्रमे लागते. मग 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' हे पहिलं गाणं पार तळाशी जातं आणि 'गा बाळांनो, श्री रामायण' हे शेवटचं त्याच्या कितीतरी आधी वाजतं! संच अनेक कॅसेटचा किंवा सीडींचा असेल तर अल्बमचं नाव एकच ठेवा. नावापुढे 'भाग २' लिहू नका, तो आकडा 'डिस्क नंबर'मध्ये घाला.

गाडीतल्या प्लेअरचं तंत्र निराळं. त्यातले बरेचसे टॅग न बघता फाइलच्या नावावरून क्रम लावतात, म्हणून नावाची सुरुवातच ०१, ०२ अशी हवी. नुसतं १, २ लिहिलं तर १ नंतर थेट १० वाजतं. हे आकडे इंग्रजीच टाका. जुन्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात, त्यामुळे गाडीसाठी आम्ही रोमन लिपीतली वेगळी प्रत देतो. मागून घ्या.

घरी दुरुस्ती करायची तर विंडोजवर 'एमपीथ्रीटॅग' हा फुकट प्रोग्रॅम पुरेसा आहे. अल्बमची सगळी गाणी निवडा, डावीकडे 'अल्बम' आणि 'अल्बम आर्टिस्ट' भरा आणि सेव्ह करा. ज्या रकान्यात 'कीप' दिसतं तिथे हात लावू नका. 'टायटल'मध्ये काही टाइप झालं तर सगळ्या गाण्यांना तेच नाव लागेल. आधी फोल्डरची एक प्रत काढून ठेवलेली बरी.

एमपीथ्री आणि फ्लॅक या प्रकारच्या गाण्यांच्या फाइलमध्ये टॅग नीट टिकतात. वेव्ह (.wav) प्रकारच्या फाइलमध्ये त्यांचा भरवसा नाही आणि एका मिनिटाला सुमारे १० एमबी जागा लागते. वेव्ह हार्ड डिस्कवर जपून ठेवा, ऐकायला दुसऱ्या वापरा.

टॅग लावण्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. फक्त कॅसेटसोबत तिचं मूळ कव्हर द्या, कारण गाण्यांची आणि गायकांची नावं आम्ही त्यावरूनच लिहितो. कव्हर एकीचं आणि आत कॅसेट दुसरीच, असं बऱ्याच घरांत असतं. तसं असेल तर देतानाच सांगा.