वावर आपलं, म्हणून लॉनही आपलं?

नागपूरच्या आसपास पक्का समज आहे: सातबारा आजोबांच्या नावे आहे, पक्कं बांधकाम नाही, मग वावरात लग्नाचं लॉन काढायला कोणाला विचारायचं? हे चूक आहे. सातबारा जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो, वापराची मोकळीक देत नाही. भाड्याने कार्यक्रम घेणं हा अकृषिक वापरच.

सुरुवात घरातून करा. आजोबा गेले असतील तर वारसनोंद आणि फेरफार आधी. आत्या, बहिणींचाही हिस्सा असतो. त्यांची लेखी संमती नसेल तर गुंतवणूक झाल्यावर दावा उभा राहतो. मग जमीन कोणत्या झोनमध्ये आहे ते पाहून परवानगी घ्या, महापालिका हद्दीत महापालिकेची, महानगर क्षेत्रातल्या गावांत एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण).

शेतीपंपाच्या कनेक्शनवर रोषणाई तर अजिबात नको. वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. लॉनचं भाडं शेती उत्पन्न धरत नाहीत, त्यावर आयकर लागतो. उघड्यावरचा डीजे रात्री 10 ला बंद.

आणि खरी फजिती करते ती आपली काळी माती. अवकाळी पाऊस आला की ती फुगते, गाड्या रुततात. 100 कार उभ्या करायला, फिरायच्या जागेसह, सुमारे 2,500 चौरस मीटर, म्हणजे साधारण 25 गुंठे लागतात. वरची भुसभुशीत माती काढा, 20-30 सेंटिमीटर मुरूम दोन थरांत टाकून प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा, कडेला नाली ठेवा. एकदम जाड थर टाकला तर खालचा भाग सैलच राहतो.