गॉथिक रहस्यकादंबरी घरी नेण्याआधी
(लायब्ररीच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

'गॉथिक' म्हटलं की मुंबईकराला आधी इमारती आठवतात. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, हायकोर्ट. या इमारती आणि या कादंबऱ्या एकाच हौसेतून आल्या. लंडनजवळ ट्विकनमला होरेस वॉलपोल यांनी 1749 पासून आपलं घर जुन्या गढीसारखं सजवत नेलं. आतली बरीचशी नक्षी दगडाची नव्हतीच, कागदाच्या लगद्याची होती. 1764 च्या जूनमध्ये त्यांना स्वप्न पडलं, की मोठ्या जिन्याच्या कठड्यावर चिलखतातला एक अवाढव्य पंजा टेकला आहे. त्यातून 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' झाली. पहिली आवृत्ती जुन्या इटालियन कथेचं भाषांतर म्हणून खपवली. खपते आहे म्हटल्यावर 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती आपलीच असल्याचं कबूल केलं आणि 'गॉथिक कथा' हे शब्द जोडले.

तेव्हापासून या प्रकारात माणसं बदलली, घर मात्र लागतंच. भूत असेलच असं नाही. धारप-मतकरींच्या भयकथा वाचून मोठे झालेले वाचक इथे हमखास फसतात. साठाव्या पानापर्यंत काहीच दिसलं नाही, म्हणून पुस्तक परत येतं. या कादंबरीत विचारायचे प्रश्न वेगळे असतात. घर कोणाचं, कागद कोणाच्या नावावर, आणि बंद खोलीचा विषय निघाला की गप्प कोण होतं?

म्हणूनच ती चाळिशीनंतर जास्त भिडते. विल्की कॉलिन्स यांची 'द वुमन इन व्हाइट' घ्या. तिच्यात नवरा बायकोपुढे एक दस्त ठेवतो. दस्त घडी घालून, फक्त सहीची जागा दिसेल असा. वर काय लिहिलंय ते दाखवत नाही, 'इथे सही कर' एवढंच. ती म्हणते, आधी वाचू दे. प्रसंगात याहून जास्त काही घडत नाही, पण ज्याने बिल्डरच्या ऑफिसात किंवा वाटणीच्या वेळी भावाच्या घरी 'सही करून टाका, बाकी मी बघतो' हे ऐकलंय, त्याच्या अंगावर काटा येतो. कादंबरी 1860 ची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेबाबतचे 1870 आणि 1882 चे कायदे व्हायच्या आधी इंग्लंडमध्ये लग्नानंतर बायकोच्या संपत्तीवर बहुतांशी नवऱ्याचीच सत्ता असे. भीती त्या आधीच्या कायद्यातून येते.

दुसरं उदाहरण डॅफ्ने द्यू मॉरिए यांच्या 'रिबेका'चं (1938). मोठ्या घरात आलेल्या दुसरेपणाच्या नव्या सुनेच्या हातून चिनी मातीची एक बाहुली फुटते. ती तुकडे पाकिटात भरते आणि टेबलाच्या खणात मागे सरकवून ठेवते. स्वतःच्याच घरात चोरासारखी! पहिल्या बायकोची खोली मात्र अजून जशीच्या तशी, नाइटगाउनसकट मांडलेली. आपल्याकडे काही घरांत दुसऱ्या बायकोच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक, म्हणजे धातूवरची प्रतिमा, घालत. ते ठाऊक असलेल्या वाचकाला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. या नायिकेचं नाव लेखिकेने शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. तुमच्या प्रतीतलं पान गळलेलं नाही, काळजी नसावी.

भीतीचेही दोन प्रकार आहेत. अॅन रॅडक्लिफ यांचा एक लेख त्यांच्या मृत्यूनंतर 1826 मध्ये छापला गेला. त्यात त्यांनी धास्ती आणि शिसारी वेगवेगळ्या केल्या: धास्तीने मन विस्तारतं, शिसारीने ते गोठतं. आपल्या नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन रस पहिल्यापासून वेगळेच आहेत. चांगली गॉथिक कादंबरी भयानकावर चालते. तुम्हाला बीभत्स हवा असेल तर काउंटरवर तसं सांगा, ते कपाट वेगळं आहे.

सुरुवात कुठून करावी? 'रिबेका'पासून. घर सातव्या प्रकरणात येतं, तोवर दम धरा. शार्लट ब्राँटी यांच्या 'जेन एअर'मध्ये ते अकराव्यात येतं. रॅडक्लिफ यांची 'उडॉल्फो' (1794) पहिल्यांदा नेऊ नका. नायिका काळा पडदा बाजूला करते आणि बेशुद्ध पडते. तिने काय पाहिलं हे कळायला शेकडो पानं जावी लागतात. हेन्री जेम्स यांची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (1898) बारीक आहे, पण सोपी नाही. भुतं खरी की कथा सांगणाऱ्या शिक्षिकेच्या मनातली, हा वाद आजही मिटलेला नाही. ती सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत वाचा, तुकड्यातुकड्यात तिचा ताण सुटतो. लोकलसाठी 'द वुमन इन व्हाइट' उत्तम. ती मुळात साप्ताहिकात 40 हप्त्यांत आली, त्यामुळे थांबायच्या जागा आपोआप सापडतात. मात्र कथा सांगणारी माणसं बदलत राहतात. कोण बोलतंय ते बुकमार्कवर लिहून ठेवा, नाहीतर चार दिवसांच्या खंडानंतर गोंधळ उडतो.

अभ्यासकी आवृत्तीची प्रस्तावना शेवटी वाचा. तिच्यात पहिल्या दोन पानांतच रहस्य फुटलेलं असू शकतं. संक्षिप्त आवृत्ती टाळा: कापाकापी आधी जिने, पाऊस आणि दालनांच्या वर्णनांवर होते, आणि भीती तर त्यातच साठवलेली असते. फुटपाथवरची प्रत घेताना पानांचे आकडे सलग आहेत ना ते शेवटपर्यंत पाहा. फर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा) गळला तर सहसा सोळा पानं एकदम जातात, आणि रहस्यकथेत तेवढी पुरतात.

पावसाळ्यात पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आत दमट हवा अडकते आणि बुरशी धरते. भिजलं तर उन्हात न ठेवता पंख्याखाली उभं उघडून ठेवा. मधूनमधून पानांत कोरे टिपकागद घाला आणि ओले झाले की बदला.

आणि एक विनंती. समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहू नका. खोडून काढलं तरी दाब कागदावर उरतो, आणि पुढचा वाचक पान तिरपं धरून वाचतोच.