‘तुंबाड’: कथाबीज, रूपांतर आणि आशयसूत्रे

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी भयपट मराठी भयकथाकार नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेतून सुचलेला आहे. बर्वे यांना ही कथा १९९३ मध्ये एका मित्राने सांगितली होती. धारपांची ‘आजी’ ही कथा स्टीव्हन किंग यांच्या ‘ग्रॅमा’ (१९८४) या कथेवर बेतलेली मानली जाते. अंथरुणाला खिळलेली भयावह वृद्धा आणि घरात तिच्यासोबत एकटे राहण्याची वेळ आलेले मूल हा दोहोंचा गाभा. किंग यांच्या कथेत ‘हस्तुर’ हे नावही येते, आणि चित्रपटातील ‘हस्तर’ त्याच्याच जवळचा वाटतो. ‘तुंबाड’ हे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले असून तिच्या कथानकाशी चित्रपटाचा संबंध नाही.

रूपांतरात या वृद्धेचा भाग पहिल्या, १९१८ मधील प्रकरणापुरता उरतो. पुढचा सारा विस्तार हस्तराच्या दंतकथेवर उभा आहे. समृद्धीच्या देवीचा हा पहिला पुत्र सोने आणि धान्य दोन्हींचा लोभ धरतो. सोने त्याच्या हाती लागते, पण धान्याला हात घालताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. त्याची कधीही पूजा होणार नाही, या अटीवर आई त्याला वाचवून आपल्या गर्भात ठेवते. ही कथा कोणत्याही पुराणातली नाही, तरीही ती एखाद्या जुन्या पोथीतली वाटते, हे लेखकांचे खरे यश म्हणावे लागेल. सोन्याचा धनी कायमचा उपाशी असल्याने चित्रपटाचा नायक विनायक कणकेची बाहुली घेऊन तुंबाड गावातल्या वाड्यातून त्या गर्भात उतरतो आणि हस्तर ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातून पडणाऱ्या मोहरा गोळा करतो. भोवती आखलेले पिठाचे रिंगण तेवढे त्याचे रक्षण करते.

पुण्याचे स्थान इथे केवळ पार्श्वभूमीचे नाही. तुंबाड सोडल्यावर आई विनायकला पुण्यात आणते. प्रौढपणी तो वाड्यातून थोड्याच मोहरा घेऊन परततो आणि पुण्याच्या सावकाराकडे त्यांचे पैसे करतो. त्यामुळे शापित धन शहरात प्रतिष्ठेच्या रूपाने खेळू लागते, आणि त्याचा उगम शोधू पाहणाऱ्या सावकारालाही तोच लोभ गिळतो. १९३३ आणि १९४७ ही उरलेल्या प्रकरणांची वर्षे पाहता सरंजामी वारसा, वसाहतकाळातील व्यापार आणि स्वातंत्र्य असा अर्थही लावता येतो. मात्र तो फार ताणू नये, कारण चित्रपटाची पकड राजकारणापेक्षा बाप-लेकाच्या नात्यावर अधिक आहे. एकेक मोहर वेचण्याऐवजी अनेक बाहुल्या नेऊन लंगोटच पळवावा, ही कल्पना पांडुरंग या मुलाचीच. परंतु जितक्या बाहुल्या, तितके हस्तर प्रकट होतात. अखेरीस बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो. भूत बाहेरून येते या भयकथेच्या रूढ मांडणीला इथे फाटा दिलेला आहे: हस्तर कोणाच्याही घरी चालून जात नाही, माणूसच दोर सोडून त्याच्याकडे उतरतो.

वाड्याच्या चित्रीकरणासाठी पुण्याजवळील सासवडच्या जुन्या वाड्याचा उपयोग झाला, आणि सततचा पाऊस टिपण्यासाठी काम अनेक पावसाळे चालले. तुंबाडवरचा हा पाऊस कथेत हस्तराची पूजा केल्याबद्दल देवांनी दिलेली शिक्षा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर चित्रपटाने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली.