झापडं लावली म्हणून घोडा बिचकायचा थांबत नाही

"झापडं लावा, पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रोडवरूनही घोडा निमूट जाईल" हे टांग्यांच्या काळापासूनचं म्हणणं. टांग्यापुरतं त्यात थोडं तथ्य होतं: मागे फिरणारं चाक घोड्याला दिसू नये. पण घोड्याला एरवी जवळपास 350 अंशांतलं दिसतं. ते झाकलं तरी कान उघडेच. मागून पीएमपीच्या (पुण्याच्या सिटी बसच्या) एअर ब्रेकचा 'फुस्स' येतो, काय आहे ते दिसत नाही आणि तो जास्तच उधळतो.

खरा उपाय सवयीचा, आणि तो वेळखाऊ आहे. मोकळ्या मैदानात, बंद उभ्या गाडीपासून 20-30 मीटरवरून सुरुवात करा. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हलवू लागला की चार पावलं पुढे. मग इंजिन चालू, मग हळू जाणारी गाडी. हॉर्न सगळ्यात शेवटी. रस्त्यावर पहिल्यांदा मुरलेला घोडा सोबत घ्या, उजव्या अंगाला, म्हणजे वाहनांच्या बाजूला. एकटा असताना बिचकलाच तर तोंड किंचित उजवीकडे, गाडीकडे वळवा आणि उजवी टाच तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) मागे दाबा. मग घोड्याचा पुठ्ठा (मागचा भाग) रस्त्यात जात नाही. लगाम करकचून धरू नका. चाबूक तर नकोच: गाडी आली की मार बसतो, एवढंच तो शिकतो.